माणूस पाहून लंगडणारी अक्का

आमच्या गल्लीतली पगारअक्का माणूस पाहून लंगडायची. समोरून कोण येतंय, त्याच्या मनात काय आहे आणि किती लंगडलं म्हणजे त्याचं समाधान होईल, याचा अंदाज तिला दुरूनच यायचा. सरपंचांच्या आई दिसल्या की थोडंसं. किराणावाले शेठजी दिसले की बऱ्यापैकी. आणि चावडीचा कोतवाल दिसला की बघणाऱ्याला वाटावं, ही आता इथेच पडते. मी सोबत असले तर ती मला हळूच कोपर मारायची. म्हणजे मी तिचा दंड धरायचा आणि चेहरा पाडायचा. माणूस वळणाआड गेला की दंड सोडवून घेऊन ती अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगायला लागायची.

यावरून तिचा पाय धड होता असं कुणी समजू नये. लहानपणी ताप आला आणि डावा पाय वाळला तो वाळलाच. फक्त त्या पायाला त्याचा स्वतःचा स्वभाव होता. सकाळी तो जरा ऐकायचा, दुपारनंतर कुरकुर करायचा आणि थंडीत तर संपावरच जायचा. गल्लीला हे मंजूर नव्हतं. गल्लीला चोवीस तास, बारा महिने एकसारखा लंगडा असेल असा पाय हवा होता. सकाळी नळावर दिसलेली अक्का आणि संध्याकाळी दिसलेली अक्का यांच्या चालीत फरक पडला, की ओट्यावर बसलेल्या बायांना रात्रीच्या भाकरी थापेपर्यंत विषय पुरायचा. अक्कानं सुरुवातीला समजावून पाहिलं, मग नाद सोडला. मला म्हणाली, "पाय कसा दुखतो ते सांगत बसन्यापरी लंगडून टाकनं सोपं हाये व माय."

मी धुळ्याची. लग्न होऊन असोद्याजवळच्या या गावात आले, तेव्हा गावात रंगीत टीव्ही यायचा होता आणि लोकांना एकमेकांकडे बघण्यावाचून करमणूक नव्हती. आल्यानंतर चार दिवसांत सासूबाईंनी मला गल्लीची ओळख करून दिली. हे घर अमक्याचं, त्यांच्याशी बोलायचं नाही. ते घर तमक्याचं, त्यांच्याशी बोलायचं पण विरजण द्यायचं नाही. आणि ती एक खोली दिसते ना, ती पगारअक्काची, तिच्या भावाच्या घराला लागून. तिला सरकार बसल्याजागी पोसतं. मी विचारलं, अक्का कुठे नोकरीला आहेत? सासूबाई म्हणाल्या, लंगडायच्या नोकरीला.

निराधार अपंगांना सरकार महिन्याला जे काही देतं, त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. गल्लीत त्याआधी पगार फक्त शाळेतल्या गुरुजींना मिळायचा. त्यामुळे अक्काला तो सुरू झाल्यावर तिचं नावच पगारअक्का पडलं. ती त्या नावावर चिडली नाही. उलट गुरुजी दिसले की ती मुद्दाम त्यांना विचारायची, आपला या महिन्याचा झाला का हो? गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

पोस्टमन मनीऑर्डर घेऊन आला की गल्लीतल्या निम्म्या बायांना त्याच वेळी अंगण झाडायची आठवण व्हायची. अक्का अंगठा उठवून खोलीत गेली की तिच्यामागे दोन-तीन जणी सहज म्हणून जायच्या. फळीवर काय आहे, डब्यात काय आहे, हे सहज म्हणून बघून यायच्या. मग दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बातमी असायची, की अक्कानं शेंगदाणे आणलेत. शेंगदाणे आम्हीही आणायचो. पण ते आमचे असायचे. अक्काचे शेंगदाणे सगळ्या देशाचे असायचे. आपल्या खिशातून कुठे आणि किती कर गेला याचा पत्ता नसलेली माणसंही तिच्या शेंगदाण्यांचा हिशेब मागायची.

साबणाचा प्रकार मी स्वतः पाहिला. अक्कानं शेठजींच्या दुकानात वासाचा साबण मागितला. शेठजी मनानं वाईट नव्हते, पण त्यांच्या तोंडून निघून गेलं की पगारवाल्या बाईला वासाचा साबण कशाला, कपड्यांचा घे. दुकानात चार गिऱ्हाईकं होती, त्यांनी माना डोलावल्या. अक्का फळीला टेकून उभी होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, "शेठजी, पाय लंगडा हाये. नाक धड हाये." शेठजींनी मुकाट्यानं साबण काढून दिला. आमच्या सासूबाईंना मात्र तो साबण फार लागला. पुढे कितीतरी वर्षं अक्का जवळून गेली की त्या आधी हवा हुंगायच्या आणि मग बोलायच्या.

पगार घेणाऱ्यानं दुःखी दिसलं पाहिजे, हा गावाचा न लिहिलेला कायदा होता. अक्कानं त्याची सोय करून ठेवली होती. तिच्याकडे एक चावडीचं लुगडं होतं. मूळ रंग कोणता हे तिलाही सांगता आलं नसतं. त्याला पाच-सहा रंगांची ठिगळं होती आणि त्यांतली दोन तर लुगडं न फाटताच लावलेली होती. चावडीवर किंवा कचेरीत जायचं झालं की ती ते नेसायची. पुढे पुढे त्या लुगड्याचं इतकं नाव झालं, की आसपासच्या गावांतल्या, पगारासाठी खेटे घालणाऱ्या बाया ते मागून न्यायला लागल्या. काम झालं की परत आणून द्यायच्या, सोबत वाटीभर डाळ नाहीतर दोन वांगी. एकदा मी ते धुवायला घेतलं तर अक्का माझ्यावर खेकसली. धुतलं तर त्याच्यातला गुण जाईल म्हणाली. माझ्या माहितीप्रमाणे जळगावच्या कचेरीची पायरी त्या लुगड्याएवढी आमच्या गावात कुणीच चढलेली नव्हती.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण अक्काला एक खोड होती. गाव जसं तिच्याकडे बघायचं, तसंच ती गावाकडे बघायची, आणि जे दिसेल ते बोलून मोकळी व्हायची. धनाआबा आमच्या गल्लीतले मोठे बागायतदार. केळीच्या बागा, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर. अक्का आणि ते एका वयाचे, याच गल्लीत धुळीत खेळून वाढलेले, त्यामुळे सगळं गाव त्यांना आबा म्हणालं तरी अक्का त्यांना धना म्हणायची. एका वर्षी वादळात केळी आडव्या झाल्या आणि आबांना सरकारकडून नुकसानभरपाई मिळाली. त्याच आठवड्यात आबा नवं घड्याळ घालून मारुतीच्या पारावर बसले होते आणि कशावरून तरी खदाखदा हसत होते. अक्का समोरून चालली होती. ती थांबली, आबांकडे बघून तिनं डोळ्याला पदर लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "धना, तुह्या केयी पडल्या म्हने. मंग तू हासतो कसा रे? सरकारनं पाह्यलं तं काय म्हनन?"

पार हसला. आबा नाही हसले. ते उठून घरी गेले आणि तेव्हापासून अक्का दिसली की घड्याळाचा हात पाठीमागे घ्यायला लागले.

आता झोक्याचं सांगायला हवं. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात, गाणी म्हणतात, शेजारच्या गल्लीला गाण्यातून शिव्या घालतात आणि त्याचा कुणी राग मानत नाही. अक्काचं लग्न झालेलं नव्हतं. पायामुळे कुणी विचारलंच नाही. पण आखाजीच्या दिवसांत ती सगळ्यांच्या आधी निंबाखाली हजर असायची, पेटीतलं हिरवं लुगडं नेसून. मी तर बारा महिने माहेरवाशीण आहे, म्हणून पहिला मान माझा, असं तिचं म्हणणं. आणि तो मान तिला मिळायचा. पोरांच्या आजारपणामुळे ज्या वर्षी मला धुळ्याला जाता आलं नाही, त्या वर्षी तिला झोका द्यायचं काम माझ्याकडे आलं. ती झोक्याच्या पाटावर बसली, दोन्ही हातांनी दोर धरले आणि म्हणाली, दे. मी भीतभीत दिला. ती म्हणाली, भाकरीवर पाणी लावू राह्यली का? मग मी जोर लावला. ती वर गेली तशी तिनं मान मागे टाकली आणि जी काही हसली, तसं हसताना मी तिला गल्लीत कधी पाहिलं नव्हतं. झोका खाली यायचा तेव्हा तिचे दोन्ही पाय लोंबत असायचे आणि त्यांतला वाळलेला कोणता, हे लुगड्यातून कळत नव्हतं.

खाली उतरल्यावर धापा टाकत तिनं मला ते सांगितलंही. "झोक्यावर सगयाइचेच पाय लोंबतात व," म्हणाली. मला त्या क्षणी तिचं फार वाईट वाटलं आणि तिचा हेवाही वाटला.

हाच झोका तिला नडला. पुढच्या वर्षी धनाआबा कसल्याशा कामाला जळगावला कचेरीत गेले असताना तिथे बोलून आले, की आमच्या गावची अपंग बाई पगार घेते आणि झाडाएवढे झोके घेते. आखाजीला दोन-तीन दिवस राहिले होते, निंबांना दोर लागले होते, आणि कोतवाल सांगत आला की उद्या साहेब चौकशीला येणार आहेत. अक्काची तक्रार झाली आहे. खरी ठरली तर पगार बंद.

अक्का ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.  तिच्या भावाची सात माणसं त्याच्याच अंगावर होती. अक्काचं पोट त्या पगारावर होतं आणि त्यापेक्षाही, भावजयीपुढे हात पसरावा लागत नव्हता तो त्या पगारामुळे, हे मला ठाऊक होतं. तांदूळ निवडून झाले तरी ती ताटात बोटं फिरवत राहिली.

आणि मग आमच्या गल्लीनं जे केलं ते फक्त आमचीच गल्ली करू जाणे. जी माणसं इतकी वर्षं अक्काचे शेंगदाणे मोजत होती, ती सगळी संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमली. पुढाकार सासूबाईंचा, ज्या अक्काचा साबण हुंगायच्या. मी न राहवून विचारलं की तुम्हीच तर रोज बोलता. त्या माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "आम्ही बोलू. आमची हाये ती. हा कोन भाह्यरचा?" रात्र व्हायच्या आत निंबाचा झोका उतरला आणि त्याचा दोर आमच्या घरात, गव्हाच्या कोठीत गेला. धनाआबांच्या बायकोला कुणकुण लागली होतीच. तिनं आबांना जेवायला वाढलं नाही म्हणे, आणि सकाळी त्यांना स्वतः हात धरून गल्लीत आणून उभं केलं.

माझ्याकडे काम आलं अक्काला आजारी करण्याचं. चावडीचं लुगडं नेसवून तिला खाटेवर निजवलं आणि वर गोधडी घातली. जळगावचा वैशाख ज्यांना माहीत आहे त्यांना या शिक्षेची कल्पना येईल. अक्का घामानं निथळत होती आणि गोधडीतून मला शिव्या देत होती. साहेब आले, तरुण होते, सभ्य होते. खोलीच्या बाहेर ओट्यावर त्यांना खुर्ची दिली आणि साक्षी सुरू झाल्या. खिडकी उघडी होती, आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

शेठजींनी सांगितलं की या बाईला त्यांनी दुकानात कधी पाहिलंच नाही. भावजय म्हणाली, कूससुद्धा आम्ही बदलून देतो. कुणी म्हणालं दिसत नाही, कुणी म्हणालं ऐकू येत नाही. एकीला जोर चढला, तिनं दुसरा पायही गेल्याचं सांगून टाकलं. धनाआबांना बायकोनं मागून ढोसलं, तेव्हा ते खाली बघत पुटपुटले की बाई दहा वर्षं अंथरुणावर आहे. आणि सगळ्यांवर कळस म्हणून आमच्या सासूबाई म्हणाल्या, साहेब, तिचं डोकंही ठिकाणावर नाही.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. मग ते म्हणाले की दवाखान्याच्या दाखल्यावर एकाच पायाचं लिहिलं आहे आणि तुम्ही सांगता ती बाई तर कुणी वेगळीच दिसते. मग दर महिन्याला दारात येऊन अंगठा कोण देतं? याचा उलगडा होईपर्यंत मला हा पगार थांबवावा लागेल.

 मी अक्काकडे पाहिलं. तिनं गोधडी पायानं भिरकावली आणि मला म्हणाली, पेटीतलं हिरवं काढ.

ती बाहेर आली ती हिरवं लुगडं नेसून, तोंड धुऊन, केस विंचरून. दारापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत पाच-सात पावलं असतील. ती चालली. मी तिची शेठजींसाठीची चाल पाहिली होती, कोतवालासाठीची पाहिली होती. ही त्यांतली कोणतीच नव्हती. कमी नव्हती, जास्त नव्हती. ही तिची स्वतःची चाल होती आणि ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"साहेब, हे सगये लबाड हायेत," ती म्हणाली. "पन मनाचे चांगले हायेत. माहा एक पाय लंगडा हाये, बाकी मी धड हाये. सैपाक करते, बाजार करते, वासाचा साबन लावते, आन आखाजीले झोका खेयते. दोर या बाईच्या कोठीत हाये. तुमच्या कागदावर पाय लिव्हेल हाये. हासू नये असं कुठी लिव्हेल असन तं दाखवा."

 साहेबांनी ओशाळल्यासारखं विचारलं की पाय बघता येईल का. अक्कानं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तो पाय मनगटाएवढा होता, कातडी हाडाला चिकटलेली. ज्या पायावरून गल्ली इतकी वर्षं बोलत आली, तो पाय गल्लीतल्या निम्म्या माणसांनी त्या दिवशी प्रथम पाहिला. बाया दुसरीकडे बघायला लागल्या. धनाआबा तेवढे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं, आणि मला त्यांचा राग धरता आला नाही.

साहेबांनी दाखला आणि पाय यांचा मेळ बसवला, काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की पगार चालू राहील. चहा घेतला. जाताना सासूबाईंना म्हणाले, आजी, दोर देऊन टाका त्यांचा. सासूबाईंनी गव्हानं भरलेला दोर कोठीतून ओढून काढला. वर अक्कालाच सुनावलं की तुझ्यापायी माझे गहू सांडले.

त्या दिवसापासून अक्का माणूस पाहून लंगडायची थांबली. पायाला वाटेल तशी चालायला लागली. कधी बरी, कधी वाईट. गल्लीची त्यामुळे जरा गैरसोयच झाली, पण बोलायला साबण शिल्लक होता.

काही वर्षांनी धनाआबांना लकवा मारला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली. भला थोरला माणूस, पण घराबाहेर पडेना. गाव बघेल, हेच त्यांच्या डोक्यात. बायको रडायची, पोरं विनवायची. एका सकाळी अक्का त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "धना, चाल. दोघाइले मियून एक जोड धड पाय हायेत." ती त्यांना रोज मारुतीपर्यंत न्यायची. तिचा डावा पाय, त्यांचा उजवा. दोघं शेजारी चालली की पावलोपावली एकमेकांवर आदळायची आणि अक्का त्यांना नीट चाल म्हणून झापायची. सुरुवातीला आबा कुणी समोर आलं की जास्तच पाय ओढायचे. अक्का जागीच थांबून विचारायची, "कोनाले पाहून लंगडू राह्यला रे?" मग आबा लाजून आपल्या चालीवर यायचे. तिनं त्यांना तक्रारीबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. घड्याळाबद्दल मात्र दर दोन दिवसांनी विचारायची.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही जळगावला राहायला गेलो. तिथेच एका थंडीत निरोप आला की अक्का गेली. तापाचं निमित्त झालं. मी पोचले तेव्हा सासूबाई तिच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी तिला आंघोळ घातली होती, त्याच वासाच्या साबणानं, आणि हिरवं लुगडं त्यांनीच पेटीतून काढून ठेवलं होतं. चावडीचं लुगडं घरात नव्हतं. कुणीतरी पगारासाठी मागून नेलं होतं, ते परत यायचं राहिलं. कोण जाणे, अजूनही कुठल्यातरी कचेरीत ते कुणाचं काम करत असेल.

अक्काला बाहेर काढलं तेव्हा धनाआबा काठी घेऊन दारात उभे होते. पोरानं मोटारसायकल आणली, म्हणाला, आबा, स्मशान लांब आहे, मागे बसा. आबा नको म्हणाले. ते तिरडीच्या पुढे जाऊन चालायला लागले. उजवा पाय ओढत, मध्येच थांबत. मागच्यांना चाल मंदावावी लागली. खांदेकरी मंदावले, त्यांच्यामागचे मंदावले, सगळी गल्ली पाऊल आखडून चालायला लागली. कुणी तरी म्हणालं, उशीर होईल, जरा पाय उचला. पण आबांना ओलांडून पुढे कुणी गेलं नाही.

आम्ही बाया गल्लीच्या तोंडाशी थांबलो होतो. रस्ता पुढे चढाचा, त्यामुळे सगळ्यांच्या पुढे चालणारे पाठमोरे आबा लांबपर्यंत दिसत होते. समोर रस्ता रिकामा होता, पाहून लंगडावं असं तिकडून कुणीच येत नव्हतं.